जुन्या गाडीचा मॅग्नेटो खोलताय? आधी या चुका टाळा

सोलापुरात मे महिन्याची दुपार ४२-४३ अंशांवर गेली की जुन्या गाड्यांचे फोन यायला लागतात. तक्रार ठरलेली. सकाळी एका किकमध्ये चालू झाली, तुळजापूर रस्त्याला तामलवाडीपर्यंत झकास गेली आणि तिथं अचानक गप्प. लिंबाच्या सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं.

माझ्या बीएसए एम २० या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलनंही हेच केलं होतं. मी तीन रविवार कार्ब्युरेटर धुतला. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं तरी गाडी अशीच बंद पडते, म्हणून तेही बघितलं (तेवढं तुम्हीही बघा, झाकण सैल करून गाडी चालवली की मिनिटात कळतं). मग मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र, काढून बाकड्यावर घेतला, हातानं फिरवला, ठिणगी खणखणीत! पुन्हा बसवला. पुन्हा तामलवाडी.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: गार मॅग्नेटो तपासून त्याला पास करणं. आतल्या गुंडाळीवर त्या काळी चपड्याचं, म्हणजे लाखेचं, इन्सुलेशन असायचं. सुतार पॉलिशला वापरतो तोच चपडा. उष्णतेनं तो मऊ होतो, कधी कधी पाझरून बाहेर येतो आणि स्लिप रिंगच्या (गुंडाळीतली ठिणगी बाहेर देणाऱ्या फिरत्या कड्याच्या) आसपास चिकट तपकिरी थर धरतो. कंडेन्सरचंही, म्हणजे क्षणभर वीज साठवणाऱ्या भागाचंही, तसंच. गार असताना तग धरतो, तापला की त्यातून करंट झिरपायला लागतो. म्हणून ठिणगी बघायची ती गाडी बंद पडल्या जागी, इंजिन चटका देत असताना. प्लगचं पान आणि स्पॅनर खिशात ठेवूनच फेरी मारा. ते जमत नसेल तर काढलेला मॅग्नेटो दुपारी पत्र्याच्या छपरावर तासभर ठेवा आणि मग फिरवा. आमच्याकडे हे ओव्हन फुकट आहे. मात्र शेगडीवर किंवा गॅसवर तापवू नका, चपडा वितळून उरलंसुरलंही जाईल.

ठिणगीचा रंग बघून निकाल देऊ नका. निळी की पिवळी यावर दोन मेकॅनिकांचं कधी एकमत होत नाही. अंतर बघा. वायरचं टोक बॉडीपासून ५-६ मिलिमीटरवर ठेवून, हाताच्या एका झटक्यात ठिणगी उडी मारत असेल तर ठीक. वायर मोकळी लोंबकळत ठेवून मॅग्नेटो फिरवणं मात्र पाप आहे. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती आतल्या गुंडाळीतून वाट शोधते, आणि एकदा भोक पडलं की गुंडाळी संपली. शिवाय आत्ताच पेट्रोलच्या फडक्यानं भाग पुसले असतील तर ते वाळू द्या, बाटली खोलीबाहेर ठेवा. ठिणगी पाडायचं यंत्र हातात आहे, हे विसरायला एक क्षण पुरतो.

खोलण्याआधी अजून एक काम. हँडलच्या बटणापासून मॅग्नेटोकडे येणारी बंद करायची वायर सोडवा आणि मग किक मारा. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याची प्रायमरी (जाड तारेची गुंडाळी) अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, टेकवायची. ती वायर कुठं घासून उघडी पडली असेल तर धडधाकट मॅग्नेटोही मेलेला वाटतो. बॅटरी नको, कॉइल वेगळी नको, १९०२ साली बॉशनं हाय टेन्शन मॅग्नेटो आणला तेव्हाचं हेच तर कौतुक होतं. पण बाहेर तपासायला फारसं काही नाही म्हणून लोक थेट स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत शिरतात.

आता खोलायचंच ठरलं असेल तर सावकाश. आर्मेचर (गुंडाळीसकट फिरणारा भाग) ओढण्याआधी पिकअप (स्लिप रिंगवरून प्लगच्या वायरला ठिणगी देणारा भाग) काढा, अर्थचा ब्रश काढा, आणि बॉडीवरचा तो छोटा सेफ्टी गॅपचा स्क्रू काढा. हा स्क्रू बाहेरून साध्या स्क्रूसारखा दिसतो, पण त्याचं टोक आत स्लिप रिंगच्या दोन कडांच्या मध्ये गेलेलं असतं. तो तसाच ठेवून आर्मेचर ओढलं की 'कट्ट' असा बारीक आवाज येतो. तो आवाज मी ऐकलाय. स्लिप रिंगच्या कडेचा नखाएवढा तुकडा बाकड्यावर पडला होता.

आर्मेचर बाहेर आलं की मॅग्नेटच्या दोन टोकांमधली वाट तुटते आणि जुन्या नालाच्या आकाराच्या मॅग्नेटची ताकद उतरते. म्हणून ते ओढता ओढताच दोन्ही टोकांवर मऊ लोखंडाची जाड पट्टी आडवी टाकायची. नंतर ठेवून चालत नाही. विसरलात तर मॅग्नेट पुन्हा चार्ज करून घ्यावा लागेल.

मल्टिमीटर लावून बघा, पण त्याच्या हो ला हो करू नका. प्रायमरी अर्ध्या ओमच्या आसपास, सेकंडरी (बारीक तारेची गुंडाळी) साधारण पाच किलोओम. तारा तुटलेल्या नाहीत, एवढंच यातून कळतं. कंडेन्सर आर्मेचरच्या आतच, प्रायमरीला समांतर असतो, त्यामुळे सोल्डरचा डाग काढून वेगळा केल्याशिवाय मीटरला तो दिसतच नाही. वेगळा केल्यावरही मीटरच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर तो साधू असतो. पॉइंट (उघडझाप करून प्रायमरीचा करंट तोडणारी जोडी) उघडताना त्याच्यावर दोनअडीचशे व्होल्ट येतात, तिथं त्याचं खरं रूप दिसतं. म्हणून इन्सुलेशन टेस्टर २५० व्होल्टवर लावा, आधी गार, मग गरम. आणि झाल्यावर कंडेन्सरची दोन टोकं टेकवून रिकामा करा, नाहीतर तोच तुम्हाला तपासेल. पॉइंटवर जळके खड्डे पडत असतील तर संशय आधी कंडेन्सरवरच घ्या. नवीन घालताना ०.२ मायक्रोफॅराडच्या आसपासचा, जास्त व्होल्टेजचा आणि उष्णता सोसणारा घाला.

गुंडाळीच गेली असेल तर एक मोह होतो. सोलापुरात यंत्रमागाच्या मोटारी भरणारे इतके कसलेले हात आहेत की वाटतं, दे त्यांच्याकडे. मी दिलं होतं. कारागिराचा दोष नाही, मोटारीचं काम वेगळं. मॅग्नेटोच्या सेकंडरीची तार केसासारखी, वेढे हजारोंनी, आणि थरांमधली हवा काढून वार्निश भरावं लागतं. हवेचा बुडबुडा राहिला की ठिणगी तिथंच फुटते. माझी गुंडाळी चार दिवस चालली.

बाकीचं पटपट. पॉइंट पॉलिश पेपरनं घासू नका, त्याचे कण रुततात. बारीक दगड वापरा आणि नंतर स्पिरिटनं पुसा. लुकास कंपनीच्या मॅग्नेटोला पॉइंटचा गॅप १२ थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३० मिलिमीटर. कॅमच्या नमद्याला तेलाचे दोन थेंब, दहा नव्हे, जास्तीचं तेल पॉइंटवरच जातं. अर्थचा ब्रश हरवला तर 'चालतंय की' म्हणू नका, करंट मग बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खरखरायला लागतं. प्लगची वायर तांब्याची घ्या, आजकालची कार्बनची नको.

हँडलवर स्पार्क मागेपुढे करायचा लिव्हर असेल तर किक मारताना तो पार मागे ओढू नका. अशा मॅग्नेटोत पूर्ण मागे केलं की पॉइंट चुकीच्या क्षणी उघडतात आणि ठिणगी मिणमिणती होते. निम्म्यावर ठेवा.

बसवताना टायमिंगसाठी पॉइंटमध्ये पतंगाचा कागद अडकवा आणि हलका ताण देत इंजिन सावकाश फिरवा. कागद जिथं सुटतो, तिथं पॉइंट उघडला. मग झाकण लावा, आणि गाडी दुपारी दोनला बाहेर काढा.