आलेखावर टी-चाचणीचा निकाल: 'आर'मध्ये आकडा हाताने न लिहिता

समजा, सोयाबीनच्या 24 प्लॉटचं उत्पादन हाताशी आहे. 12 प्लॉट बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरलेले, 12 सपाट रानात. (प्लॉट म्हणजे इथे शेतातला, कागदावरच्याला आलेख म्हणू.) 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेतल्या जीजीप्लॉट2 या आलेखांच्या पॅकेजमध्ये बॉक्सप्लॉट (गटाचा पसारा चौकोनात दाखवणारा आलेख) तयार आहे आणि कोपऱ्यात टी-चाचणीचा, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या चाचणीचा, निकाल हवाय. बरेच जण कन्सोलवर दिसलेला आकडा तसाच टाइप करतात. पुढे एखाद्या प्लॉटचं वजन दुरुस्त होतं, बॉक्स हलतो, आकडा मात्र जुनाच राहतो. म्हणून तो चाचणीतूनच उचलायचा.

खाली फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत; टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरा.

आधी चाचणी एका नावात साठवा (डेटाचं नाव सोया धरलंय):

निकाल <- टी.टेस्ट(उत्पादन ~ पद्धत, डेटा = सोया)

मग डॉलर चिन्ह लावून निकालातून तीन गोष्टी काढा: स्टॅटिस्टिक (टीची किंमत), पॅरामीटर आणि पी.व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता). पॅरामीटर म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडम. ती 22 ऐवजी 21.3 दिसली तर दचकू नका. वेगळं काही सांगितलं नाही तर टी.टेस्ट वेल्चची चाचणी करतो, म्हणजे दोन्ही गटांचा पसारा सारखाच आहे असं धरत नाही. प्लॉट जोडीजोडीने लावलेले असतील तर मात्र पेअर्ड चाचणीच हवी. आर 4.4.0 पासून ती वरच्यासारख्या फॉर्म्युल्यात चालत नाही, दोन्ही रकाने वेगळे द्यावे लागतात.

मजकूर जोडायला स्प्रिंटएफ वापरा, राउंड नको. राउंड शेवटचं शून्य खातो, 0.030 चं 0.03 होतं. 'टी(21.3) = 2.32, पी = 0.030' असं नीट हवं असेल तर पी साठी टक्का, टिंब, 3, एफ हा साचा द्या. पी 0.001 पेक्षा लहान निघाला तर हाच साचा 0.000 छापू शकतो, आणि ते चूक आहे. तिथे इफ-एल्सने 'पी < 0.001' लिहवून घ्या.

आता मजकूर आलेखावर. अ‍ॅनोटेटला 'टेक्स्ट' सांगा, एक्स आणि वाय दोन्ही इन्फ, एचजस्ट (आडवं सरकवणं) 1.1, व्हीजस्ट (उभं सरकवणं) 1.5. इन्फ म्हणजे चौकटीची कड, त्यामुळे उत्पादन 15 क्विंटल असो की 30, मजकूर उजव्या वरच्या कोपऱ्यातच बसतो. ही ओळ बॉक्सप्लॉटच्या ओळीनंतरच लिहा. आधी लिहिली तर एक्स अक्ष आकड्यांचा धरला जातो आणि पद्धतीची नावं आली की एरर येतो.

इथे जिओम_टेक्स्ट वापरण्याचा मोह टाळा. तो डेटाच्या प्रत्येक ओळीसाठी मजकूर छापतो, म्हणजे एकावर एक 24 वेळा. स्क्रीनवर अक्षरं जाड आणि कडांना खरखरीत दिसली की ओळखा, हेच झालंय.

अक्षरांचा साइज इथे मिलिमीटरमध्ये असतो, पॉइंटमध्ये नाही. 11 पॉइंटसाठी 3.88 लिहा, नुसतं 11 लिहिलं तर अक्षरं 31 पॉइंटची होतात आणि निम्मा आलेख झाकतात.

परभणी, हिंगोली, लातूर असे फॅसेट, म्हणजे जिल्हावार वेगळ्या चौकटी, पाडले असतील तर अ‍ॅनोटेट तिन्ही चौकटींत एकच निकाल छापतो. तेव्हा मात्र जिओम_टेक्स्टच हवा, पण वेगळ्या तीन ओळींच्या डेटा फ्रेमवर. जिल्ह्याच्या रकान्याचं नाव मूळ डेटातल्यासारखंच ठेवा आणि मुख्य आलेखाच्या रकान्यांची जुळणी इथे येऊ नये म्हणून इनहेरिट.एईएस फॉल्स करा.

मजकूर मराठीत हवा असेल तर साध्या पीडीएफ डिव्हाइसवर अक्षरांचा खेळखंडोबा होतो. आलेख फाइलमध्ये साठवणाऱ्या जीजीसेव्हला डिव्हाइस म्हणून कैरो_पीडीएफ द्या. फॅमिली (फॉन्टचं नाव) नोटो सॅन्स देवनागरी ठेवा, आणि ती अ‍ॅनोटेटमध्येही वेगळी लिहा. थीमच्या टेक्स्टला दिलेला फॉन्ट तिथपर्यंत पोचत नाही.

एवढं नको असेल तर जीजीपबआर पॅकेजमधलं स्टॅट_कंपेअर_मीन्स एका ओळीत काम करतं. पण दोन गटांसाठी ते आपणहून विल्कॉक्सन चाचणी (सरासरीऐवजी क्रमांकांवर चालणारी) लावतं. मेथडमध्ये टी.टेस्ट स्पष्ट लिहा, नाहीतर प्रबंधात एक चाचणी आणि आलेखावर दुसरीच.