कळंब्यातून माणूस घरी येताना

धाकटा भाऊ कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून जामिनावर सुटला त्या दिवशी आम्ही गाडी ठरवली, मटण आणलं, आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. गोळ्यांच्या कागदाचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आत जेलच्या दवाखान्यातून रोज रात्री मनाच्या आजाराची गोळी मिळायची. बाहेर आला तो कपड्यांची पिशवी घेऊन. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाही, आणि ते बरोबरच. चार रात्री पोरगं सोप्यात येरझाऱ्या घालत होतं.

म्हणून तयारी आधीच करा. जेलात मुलाखतीला, म्हणजे भेटायला, गेलात की गोळीचं नाव विचारून लिहून घ्या. मग कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्या: उपचाराच्या कागदांची प्रत आणि मधल्या दिवसांपुरत्या गोळ्या मिळाव्यात. सही आतल्या माणसाची हवी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 25 प्रमाणे स्वतःचे कागद मागायचा हक्क रुग्णाचा आहे, आणि कलम 103 तर कैद्यांसाठीच आहे. पोच घ्यायला विसरू नका. अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

सुटल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात न्या. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

घरातलं मात्र कुठल्या कागदावर नसतं. आमचा भाऊ लोटलेल्या दारापुढं नुसता उभा राहायचा, कुणीतरी उघडेल म्हणून. आई धावायची. मी तिला थांबवलं, "कडी तुझ्याच बाजूला आहे रे," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "आक्का, सवय गेली." अंधारात झोप लागेना, तर झिरोचा बल्ब ठेवला. पै-पाहुण्यांना आठवडाभर लांब ठेवा, "आत काय झालं?" हा प्रश्न तर कुणालाच विचारू देऊ नका. आमच्या एका मामांनी जेवताना विचारलाच, ताट तसंच राहिलं.

मरणाची भाषा निघाली तर "जीव द्यावासा वाटतोय का?" असं सरळ विचारा. एकटं सोडू नका, गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात ठेवा, सीपीआरला न्या. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि तारीख. कोर्टाच्या आदल्या रात्री तो पुन्हा जागतो, अजूनही. त्या दिवशी मी रजा टाकते, गोळी आणि चिठ्ठीची झेरॉक्स त्याच्या शर्टाच्या खिशात घालते, आणि कोर्टात त्याच्या शेजारी बसते.