डाउलंडच्या गाण्यांतलं दुःख हरवतं कुठे? या चुका टाळा

जॉन डाउलंड हा 1600च्या आसपासचा इंग्लिश संगीतकार. त्याची ल्यूटगीतं, म्हणजे ल्यूट या छेडून वाजवायच्या तंतुवाद्याच्या साथीची गाणी, बसवताना सर्रास होणारी चूक लयीची. दुःखी गाणं ना, मग जितकं संथ तितकं बरं! पण ल्यूटच्या तारा आतड्याच्या. छेडल्या की सूर लगेच विरायला लागतो. इथली कळ उठते ती अशी: आवाज आधीचा सूर धरून बसतो, खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतो, दोघांचं बिनसतं, मग आवाज एक पायरी उतरून समेट करतो. लय फार पाडली तर समेटाआधीच वाद्य गप्प झालेलं असतं. भांडण ऐकूच आलं नाही, तर समेटाला काय अर्थ?

दुसरी चूक खास आपल्या कानांची. ‘फ्लो माय टीअर्स’ (1600) घ्या. ‘ए’ या पाश्चात्त्य सुराला सा मानलं तर पहिला उतार सा, कोमल नी, कोमल ध, प असा. लगेच दुसरा: वरचा कोमल ग, रे, सा आणि शुद्ध नी. पहिल्यात पाच अर्धस्वरांची उतरण, दुसऱ्यात चारांचीच, त्यामुळे तो आवळल्यासारखा लागतो. इथे मींड घेऊ नका. सूर सुटा लागला तरच खालच्या कॉर्डशी त्याची गाठ पडते. आणि दोन्ही निषाद सारखे करून तर अजिबात टाकू नका.

कधी एका सुरावटीत कोमल नी आणि पाठोपाठ सोबतच्या दुसरीत शुद्ध नी दिसतो. छपाईची चूक समजून तो ‘दुरुस्त’ करणारे महाभाग आहेत. त्या काळच्या इंग्लिश संगीतात ही टक्कर मुद्दाम ठेवलेली असते. शंका आली तर मूळ टॅब्लेचर, म्हणजे बोटं कुठे ठेवायची ते सांगणारी ल्यूटची लिपी, बघा. त्यात अक्षर थेट पडदा सांगतं. इथे ‘ए’ हे सुराचं नाव नाही; ‘ए’ म्हणजे मोकळी तार, ‘बी’ म्हणजे पहिला पडदा. गिटारवर वाजवणार असाल तर तिसरी तार अर्धा सूर उतरवा, म्हणजे बोटं ल्यूटसारखीच पडतील.

मायनर (कोमल ग असलेली स्वररचना) म्हणजे दुःख हे समीकरणही सोडा. ‘कम अगेन’ (1597) चक्क मेजरमध्ये (शुद्ध ग असलेल्या रचनेत) आहे, आणि त्यातली तडफड वर चढत जाणाऱ्या छोट्या तुकड्यांत आहे. मायनर गाण्याच्या शेवटी मेजर कॉर्ड छापला असेल तर तोही तसाच वाजवा.

‘इन डार्कनेस लेट मी ड्वेल’ (1610) मध्ये पहिली ओळ शेवटी परत येते आणि गाणं तिथेच तुटतं. त्याला आपल्या पदरचा कॉर्ड जोडू नका.