धांड्याची नॉर्मंडी कशी करायची

आबाजीच्या पेटीत नॉर्मंडी जहाजाचं जुनं पोस्टकार्ड होतं, समुद्र आम्ही वऱ्हाडातल्या पोट्ट्यांनी पाह्यलाच नव्हता तरी त्या जहाजावर लय जीव होता. खरं जहाज ३१३ मीटर लांब, १९३५ ला फ्रान्सहून पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेलं, तर ५०० पट लहान धरून पुठ्ठा ६३ सेंटीमीटर घ्या. ज्वारीचे वाळलेले धांडे सोला, गाभ्याचे डेक चिकटवा, खाली काळा रंग, वर पांढरा. खरी मजा धुराड्यांत आहे, तीन लाल करा, वरून काळी पट्टी, समोरचं सगळ्यात उंच अन् मागचं एकेक कमी, घाईत सारखी कापली तर ती ऐटच जाते. तिसरं नुसतं दिखाऊ होतं, म्हणून धुराचा कापूस पहिल्या दोघांनाच लावा, कापूस तर आपल्या घरचाच.