चेक आला, पण खातंच नव्हतं! हवामान-न्यायासाठी झटणाऱ्या तरुण गटांनो, या चुका टाळा

खाडीतल्या भरावाविरुद्ध आमचा गट उभा राहिला तेव्हा आम्ही नऊ जण होतो. मोबाईलवर फोटो काढायचे, गावकीच्या सभेत दाखवायचे, तहसीलदारांना निवेदन द्यायचं, एवढंच काम. मग एका हितचिंतकांनी पन्नास हजारांचा चेक देऊ केला आणि विचारलं, ‘नाव कोणाचं घालू?’ शेवटी एका मित्राच्या बचत खात्यात रक्कम घेतली. महिन्याभरात कुजबुज सुरू झाली. त्याने एक रुपया खाल्ला नव्हता, पण नवा मोबाईल नेमका तेव्हाच घेतला होता!

‘निधी मिळत नाही’ असं सगळे म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. निधी येतो, पण तो धरायला हातात भांडं नसतं.

पहिली चूक, खासगी खात्यात पैसे घेणं. घेतलेच असतील तर आजच थांबवा. आलेली रक्कम, झालेला खर्च, उरलेली शिल्लक एका वहीत लिहा, खात्याचा उतारा सगळ्यांसमोर ठेवा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या पैशांसाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे नोंदणी. १८६० च्या कायद्याखाली सात जण मिळून संस्था करता येते. महाराष्ट्रात तिची धर्मादाय कार्यालयात न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंद करावी लागते. पण घाई करू नका. दरवर्षी हिशेब सादर करावे लागतात आणि कार्यकारिणी बदलली की त्या बदलाची नोंद देणारा चेंज रिपोर्ट भरावा लागतो. तीन वर्षांत निम्मे जण नोकरीला पुण्यात, आणि कागदावर पदाधिकारी मात्र तेच जुने, हे चित्र मी फार ठिकाणी पाहिलंय. दुसरी वाट म्हणजे एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली काम करणं. तिथे सुरुवातीलाच लेखी ठरवा: संस्था किती टक्के ठेवणार, बिलाचे पैसे किती दिवसांत मिळणार, बाहेर बोलणार कोण.

आणि हो, नोंदणी नसताना पावती पुस्तक छापून गावभर वर्गणी गोळा करणार असाल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळवाल्यांना विचारा, ते फॉर्मसकट सांगतील.

परदेशी निधी. ही चूक सगळ्यात महाग पडते. जगभरात तरुणांच्या हवामान गटांना छोटी अनुदानं देणारे फंड आहेत, अर्ज सोपे असतात, आणि ‘बँक डिटेल्स पाठवा’ असा मेल आला की हुरळून जायला होतं. थांबा. भारतात परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या केंद्राच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. नवख्या गटाच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. ‘आमच्याकडे एफसीआरए आहे, आम्ही तुमच्याकडे वळवतो’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्याकडे वळवताच येत नाही. त्या संस्थेने स्वतःचा कार्यक्रम म्हणून खर्च केला तर गोष्ट वेगळी.

अमेरिकेतल्या मामाचं काय? मामाचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत आले, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. मामाने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. ऑनलाइन देणगीची लिंक फिरवण्याआधी हे विचारून घ्या. मामाला राग आला तरी चालेल.

अनुदानाच्या भरवशावर मुदत घालवणं. पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करायला ३० दिवस असतात, इतर वादांना सहा महिने. सबळ कारण दिलं तर दोन्हींत फार तर ६० दिवस वाढवून मिळतात. अनुदानाचा निर्णय मात्र सात-आठ महिने रेंगाळतो. भरपाई मागितली नसेल तर लवादाची फी १,००० रुपये आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये. वकील मिळवणं अवघड, खरं आहे, पण एवढी रक्कम कायम बाजूला असू द्या. ती देणगीदाराची नको, आपलीच हवी.

देणगीदारांच्या मनातलं लिहून देणं. भरावाविरुद्ध लढणारा गट प्रस्तावात ‘पाच हजार झाडं लावू’ लिहितो, कारण झाडं मोजता येतात. मग वर्षभर खड्डेच खणतो. बजेटमध्ये होडीचं भाडं, एसटी, झेरॉक्स आणि पूर्णवेळ राबणाऱ्या मुलीचं मानधन लिहायला लाजू नका. होडीवाला बिल देत नाही. साधं व्हाउचर करा, त्याची सही घ्या.

मार्गदर्शकाला मालक करणं. इथे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडे बघावं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळवलेलं हे गाव. तिथे बाहेरची जाणकार माणसं अभ्यासगटात बसायची, माहिती द्यायची, वाद घालायची. मोहन हिराबाई हिरालाल त्यांतलेच. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. मार्गदर्शक शोधताना आम्ही नेमकं उलट केलं. ज्यांचं इंग्रजी चांगलं त्यांच्या हाती सगळं दिलं. त्यांनी प्रस्ताव झकास लिहिला. महिन्याने निधीवाल्यांचा फोन आला, ‘तुमच्या ब्लू कार्बनच्या कामाबद्दल सांगा.’ नऊच्या नऊ जण गप्प. ब्लू कार्बन म्हणजे आपल्याच तिवरांत साठणारा कार्बन, हे कोणाला माहीत! शेवटी गटातली धाकटी म्हणाली, ‘साहेब, तिवरं आहेत, बघायला या.’

आले. ऐन ओहोटीला, पॉलिश केलेले बूट घालून.