अमेरिकेतल्या लहान शहरात चांगलं देशी हॉटेल कसं शोधायचं

न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूजवळ, म्हणजे भरपूर देशी वस्तीत, घर घेतलेल्यांना यातलं काही लागणार नाही. मी लिहितोय ते पिओरिया, डे मॉइन, बेंटनव्हिल, ब्लूमिंग्टन अशा गावांत नोकरीला किंवा शिकायला आलेल्यांसाठी. फोनवर ‘इंडियन रेस्टॉरंट’ शोधलं की मोजकी नावं येतात, त्यांत एखादं ताज, एखादं बॉम्बे, आणि मेनू सगळीकडे तोच. पहिल्या महिन्यात एखाद-दोन ठिकाणी जेवून बरेच जण ठरवून टाकतात की इथे काही मिळत नाही. इतक्यात हात टेकू नका. चांगलं जेवण बहुतेक गावांत असतं, फक्त ते आपल्यासाठी पाटी लावून बसलेलं नसतं.

आधी गाव कोणामुळे चालतं ते बघा. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला स्टेट फार्म ही विमा कंपनी आहे, बेंटनव्हिलला वॉलमार्ट. अशा कंपन्यांमागे आयटीची मंडळी येतात, त्यांत तेलुगू लोक भरपूर, आणि त्यांच्यामागे हैदराबादी बिर्याणी, गोंगुरा (अंबाडी), इडली-डोसा येतो. इंडियानातल्या कोलंबसला इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय आहे. कमिन्सचं पुण्याशी नातं जुनं, त्यामुळे एवढ्याशा गावात मराठी घरं सापडतात. गाव विद्यापीठाचं असेल तर कॅम्पसच्या आसपास स्वस्त आणि झटपट मिळणारं काहीतरी असतंच. कोण राहतं हे कळलं की कुठल्या चवीची अपेक्षा ठेवायची तेही कळतं. तेलुगू वस्तीच्या गावात पनीर मखनीवरून हॉटेलची परीक्षा घेऊ नका. तिथे पप्पू (तेलुगू पद्धतीची डाळ) आणि गोट बिर्याणी मागवा.

मग मेनू नीट वाचा. शंभराच्या वर पदार्थ असतील तर आत कांदा-टोमॅटोची, काजूची आणि पालकाची अशा दोन-तीन ग्रेव्ह्या तयार असतात आणि त्यांतूनच सगळं निघतं, हे धरून चाला. छोटा मेनू, त्यात एखाद्या प्रांताची ठळक छाप, ‘फक्त शनिवार-रविवार’ असं लिहिलेले चार पदार्थ, ही चांगली लक्षणं. हाडासकट गोट करी असेल तर मी आत जातोच. अमेरिकन गिऱ्हाइकाला हाडं सहसा आवडत नाहीत, म्हणजे ती करी आपल्या माणसांसाठी शिजतेय.

ऑनलाइन रिव्ह्यूमधले तारे मोजू नका, तक्रारी वाचा. ‘फार तिखट’, ‘मटणात हाडं होती’, ‘सजावट काहीच नाही’ असं कोणी वैतागून लिहिलं असेल तर ते हॉटेल यादीत वर घ्या. ‘शिळं वाटलं’, ‘पोट बिघडलं’ असं वारंवार दिसलं तर मात्र लांब राहा. अनेक काउंट्यांचं आरोग्य खातं हॉटेलांच्या तपासणीचे अहवाल वेबसाइटवर टाकतं, तेही जरूर बघा.

पहिल्यांदा जायचं ते रविवारी दुपारी. टेबलांवर आजी-आजोबांसकट देशी कुटुंबं दिसली तर निश्चिंत बसा. बफे असेल तर भरलेल्या भांड्यांपेक्षा ती किती वेळा बदलली जातात ते पाहा, आणि नान बफेत आधीच रचून ठेवलाय की टेबलावर गरम येतोय ते पाहा. मालकाशी दोन शब्द बोला. कुठून आलात, स्वयंपाक कोण करतं, आज काय चांगलं आहे, एवढं विचारलं तरी मेनूवर नसलेली डाळ समोर येते. ‘मीडियम’, ‘हॉट’ ही मापं अमेरिकन जिभेची आहेत. ‘घरी करता तसं करा’ म्हणून सांगा. शाकाहारी असाल तर नानमध्ये अंडं आहे का आणि तळणाचं तेल वेगळं आहे का, हे विचारायला लाजू नका.

पाटीवर ‘इंडियन’ लिहिलेल्यांपुरतंही शोधू नका. ॲक्रन, हॅरिसबर्ग, ईरी अशा शहरांत २००८ नंतर मूळचे भूतानचे, नेपाळमधल्या छावण्यांतून आलेले नेपाळीभाषक निर्वासित वसले. त्यांच्याकडे मोमो मिळतात आणि डाळ-भात अगदी घरच्यासारखा. पाकिस्तानी हॉटेलातली निहारी आणि कबाब चाखून बघा. ओक्लाहोमा, टेक्सासमधून जाणाऱ्या आय-४० महामार्गावर आणि वायोमिंगमधल्या आय-८० वर पंजाबी ट्रकचालकांसाठी उघडलेले ढाबे आहेत. पेट्रोल पंपाच्या आत, काउंटरमागे ताजे पराठे लाटले जातात. लांबच्या प्रवासात बर्गर खाण्याआधी तिथे थांबा. गुरुद्वारा असेल तर लंगरला जा. डोकं झाका, जोडे बाहेर काढा, खाली पंगतीत बसा आणि जेवण झाल्यावर भांड्यांना हात लावा. ती सेवा आहे, फुकटची खानावळ नव्हे. बीएपीएस संस्थेच्या स्वामीनारायण मंदिरांपैकी मोठ्यांत शायोना नावाचं उपाहारगृह असतं, तिथे कांदा-लसणाशिवायचं जेवण मिळतं.

खरी बातमी मात्र देशी किराणा दुकानात मिळते. काउंटरवरच्या माणसाला विचारा, ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ भाजीची गाडी कोणत्या दिवशी येते तेही विचारून घ्या. त्या दिवशी अख्खं देशी गाव तिथे भेटतं, आणि दाराजवळच्या बोर्डावर डब्यांच्या चिठ्ठ्या असतात.

पोळी-भाजी, भरली वांगी, थालीपीठ यांची आठवण येत असेल तर हॉटेलांत शोधत फिरू नका. मराठी जेवण इथे घरांतून मिळतं. महाराष्ट्र मंडळात नाव नोंदवा, गणपतीच्या कार्यक्रमाला जा. तिथे कोणी काकू चकल्या-लाडू ऑर्डरने करतात, कोणी डबे देतात, हे तासाभरात कळतं. घरून विकायचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. लाडू-चिवड्यासारख्या टिकाऊ पदार्थांना बहुतेक ठिकाणी मुभा असते, शिजवलेल्या भाजी-आमटीला बऱ्याचदा परवान्याचं स्वयंपाकघर लागतं. डबा लावण्याआधी तो कुठे शिजतो ते विचारा, त्यात अपमान कोणाचा होत नाही.

आवडतं हॉटेल सापडलं की ॲपवरून मागवू नका, फोन करा आणि स्वतः जाऊन घेऊन या. ॲपवाले हॉटेलकडून १५ ते ३० टक्के कमिशन घेतात. लहान गावातल्या मालकाला ते परवडत नाही, आणि असं एक हॉटेल बंद झालं की दुसरं उघडायला वर्षं जातात. टेबलावर बसून जेवलात तर १८-२० टक्के टिप ठेवा. जाण्याआधी वेळ बघून घ्या, कारण दुपारच्या जेवणानंतर पाचपर्यंत अनेक ठिकाणी दार बंद असतं आणि सोमवारी किंवा मंगळवारी सुट्टी असते.

एखाद्या दिवशी नेहमीच्या भाजीची चव अचानक बदलली, तर बहुतेक वेळा आचारी गेलेला असतो. तो कुठे गेला ते किराणा दुकानात विचारा. बऱ्याचदा तो गावातच, पलीकडच्या हॉटेलात असतो.