मोगरा घेऊ की निशिगंध? परफ्युम निवडताना या चुका टाळा

दोन बाटल्या समोर, एक मोगऱ्याची एक निशिगंधाची (फूलबाजारात गुलछडी म्हणतात तीच), दोन्ही आवडतायत आणि काउंटरवरची मुलगी म्हणते ताई ऑफर आजच आहे. मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाला मी अशीच घाईत निशिगंधाची उचलली, दुकानात एकदम मस्त वाटली आणि भर मे महिन्यात हॉलमध्ये बसल्यावर डोकं जे धरलं ते रात्रीपर्यंत सुटलं नाही.

पहिल्या पाच मिनिटांत ठरवू नका, ही चूक सगळ्यात महाग पडते. फवारल्यावर आधी लिंबू-संत्र्यासारखा हलका वास येतो, तो पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो, खरं फूल त्यानंतर कळतं, आणि काही तासांनी जे चंदन किंवा मस्क खाली उरतं त्याच्यासोबत तुम्हाला दिवस काढायचाय. त्यामुळे डाव्या मनगटावर एक, उजव्यावर दुसरं मारा आणि सरळ बाहेर पडा, भाजी घ्या, घरी या, पोळ्या लाटा, मधेमधे हुंगून बघा. कागदाची पट्टी फक्त नावडतं बाजूला काढायला, तिला अंगाची ऊब नसते. आणि तीन-चारच्या वर हुंगू नका, नाक थकतं, कॉफीच्या बिया हुंगून काही होत नाही, बाहेर मोकळ्या हवेत या.

आता फुलांचं. मोगरा, निशिगंध दोघांतही इंडोल नावाचा घटक असतो. संध्याकाळी घेतलेला ताजा गजरा आठवा, आणि तोच सकाळी उशीजवळ तपकिरी पडलेला, त्या दुसऱ्या वासात जो कुबटपणा असतो ना तो बराचसा इंडोलचा, थोडा असला तर फूल जिवंत वाटतं आणि जास्त झाला तर कपाटातल्या डांबरगोळ्या. निशिगंध त्यात लोण्यासारखा दाट, उन्हात अजूनच पसरतो, म्हणून एसी दुकानात आवडलेला बाहेर नकोसा होतो. ट्रायल बाहेरच्या उकाड्यातच घ्या, खरंच.

दोन्ही बाटल्यांवर काय लिहिलंय तेही बघा. ओ द पार्फ्यूममध्ये (Eau de Parfum) साधारण 15 ते 20 टक्के सुगंधी अर्क असतो, ओ द टॉयलेटमध्ये (Eau de Toilette) 5 ते 15, एक बाटली याची आणि दुसरी त्याची असेल तर एक टिकतं दुसरं टिकत नाही ही तुलनाच चुकीची होते.

वास टिकत नसेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, कोरड्या त्वचेवरून लवकर उडतो. तासाभराने स्वतःला येईनासा झाला तर लगेच परत मारू नका, नाक सरावलेलं असतं, घरातल्या कुणाला तरी विचारा. जास्त झालाच तर कापसावर सॅनिटायझर घेऊन पुसून काढा. पैठणीवर मात्र थेंबसुद्धा नको, रेशमावर डाग राहतो.

अजूनही ठरत नसेल तर ऑफिसला, लोकलच्या गर्दीला मोगरा घ्या. निशिगंध गच्चीवरच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला, आणि एकच फवारा.